सासूबाईंना बाहेर कुणी काढलं?

सहल काढावी तर मीच. आमच्या न्देबा वस्तीतल्या गॅरेजवाल्यांत कुणालाही विचारा. चौदा सीटची गाडी ठरवली, केळीच्या पानात वाफवलेली कोंबडी आणि कच्च्या केळ्यांचे मटोके पहाटेच बांधून घेतले आणि सगळ्यांना बजावलं, "सेझिब्वाचा धबधबा. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी. लुब्वामाच्या सहलीत गडबड होत नाही."

गाडी मुत्याबाची, चालवणारही मुत्याबाच. मी त्याच्या शेजारी ऐटीत बसलो आणि मागं वळणार, तेवढ्यात माझी बायको नान्तेझा कानाशी लागली. "अहो, मागं बघू नका."

"का?"

"आई आलीय."

माझी मान तिथंच आखडली. आम्हा बागांडा लोकांत सासू-जावयाचं नातं म्हणजे कडक सोवळं. अंगाला अंग लावायचं नाही, समोरासमोर बसायचं नाही, बोलायचं तर मध्ये तिसरं कुणी हवं. चुकून हात लागलाच तर अंगाला कंप सुटतो आणि जन्मभर थांबत नाही, म्हणतात. कंप एकवेळ परवडला हो, पण लोक जे बोलतात ते परवडत नाही.

त्यातून माझं घोडं नेमकं सासूबाईंच्याच दारात अडलेलं. मुकोनोच्या रस्त्याला लागून त्यांची मोक्याची जागा आहे, आणि तिथं माझं स्वतःचं गॅरेज टाकायचं माझ्या फार मनात होतं. नान्तेझाकरवी विचारूनही झालं होतं. उत्तर आलं, "माणूस पारखून देईन." म्हणजे मर्यादेत जरा जरी चूक झाली, की जागा गेलीच म्हणून समजा.

"कशाला आणलंस त्यांना?" मी पुटपुटलो.

"तिला जुळी झालेली. जुळ्यांच्या आईनं सेझिब्वाला जायलाच हवं. आणि सीट रिकामी होती."

मी हात लांब करून गाडीतला आरसा छताकडे फिरवला.

"मग मला मागचं दिसणार कसं?" मुत्याबा म्हणाला.

"मागं सासू आहे. तुला काय बघायचंय?"

गाडी निघाली. थोड्या वेळानं मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "नान्तेझा, जावयाला सांग, खिडकी लाव म्हणावं. वारं लागतंय."

मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तरी मी ढिम्म बसलो. नान्तेझा पुढं वाकली, "खिडकी लावा." मग लावली. "सांग त्यांना, लावली म्हणून."

"लावली गं आई."

"दिसलं मला," सासूबाई म्हणाल्या.

धबधब्याशी पोचलो आणि माझे खरे हाल सुरू झाले. सासूबाई येताना दिसल्या, की मी झुडपात. मंडळींना आयतीच करमणूक मिळाली. "लुब्वामा, पळ, आंब्याकडून येतायत," कुणीतरी ओरडायचं आणि मी हातातला घास टाकून खडकामागं उडी मारायचो. निम्म्या वेळा सासूबाई तिकडं नसायच्याच. शेवटी मी झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून उभ्यानंच जेवलो. ज्यानं पैशापैशाचा हिशेब मांडून सहल काढली, त्याच्या वाट्याला हे.

जेवणानंतर सगळे पायऱ्या चढून वर फोटो काढायला गेले. मुत्याबा साबण घेऊन खालच्या डोहाकडे गेला. मला वाटलं, सासूबाई वर गेल्या असणार. त्यांना वाटलं, मी वर गेलो असणार. मी पाण्याकाठी निवांत पाय पसरले आणि समोर बघतो तो काय, प्रवाहाच्या मधोमध एका दगडावर, हातात बाटली, एका पायातली चप्पल गायब, अशा सासूबाई उभ्या. तीर्थ भरून घ्यायला गेल्या होत्या आणि आता परत येता येईना.

त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी पाठ फिरवली.

वरच्यांना हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं, धबधब्याचा आवाजच तेवढा. तिसरं माणूस आणायचं कुठून? आमच्या दोघांच्या मध्ये एक काळा दगड होता. दुसरा इलाज नव्हता.

"दगडा," मी म्हणालो, "सासूबाईंना विचार, पोहता येतं का?"

"दगडा, जावयाला सांग, येत असतं तर अशी उभी राहिले असते का?"

"दगडा, त्यांना म्हणावं, डावीकडच्या खडकावर पाय ठेवा."

"दगडा, कुणाचं डावं? पाठ फिरवून बसलाय आणि मला दिशा सांगतोय."

तेवढ्यात 'धप्' असा आवाज आला. वळून पाहिलं तर त्यांचा दगड रिकामा आणि पाण्यावर नुसता डोक्याचा रुमाल. खरं सांगतो, त्या क्षणी मला जागा आठवली नाही, गॅरेज नाही, कंप नाही. नान्तेझाची आई चालली, एवढंच कळलं. कपड्यांसकट उडी मारली, काखेत हात घालून ओढलं आणि काठावर आणून बसवलं. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतलेले. मी झुडपांतून जो पळालो, तो थेट गाडीमागं.

मंडळी खाली आली तेव्हा मी निथळत होतो. "अहो, भिजलात कसे?" नान्तेझानं सगळ्यांदेखत विचारलं.

"फोटो काढताना पाय घसरला," मी म्हणालो. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

मग सासूबाई आल्या. अंगाला कोरडं कापड गुंडाळलेलं. माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकीला म्हणाल्या, "नान्तेझा, आज मी बुडतच होते गं. कुण्या भल्या माणसानं उडी मारून मला बाहेर काढलं. माझे डोळे मिटलेले, तोंड काही दिसलं नाही. पण असाच माणूस मी शोधत होते. मुकोनोची जागा त्याला वापरायला देईन म्हणते. कोण तो, पुढं यावं त्यानं."

माझा एक पाय उचलला गेला. मग लक्षात आलं, पुढं जायचं म्हणजे सासूला मिठी मारली हे सगळ्या मंडळींपुढं कबूल करायचं. पाय खाली ठेवला. तोंड उघडलं. मग आठवलं, आत्ताच आपण फोटो काढताना घसरलो आहोत. तोंड मिटलं.

आणि डोहाकडून मुत्याबा आला. नखशिखांत ओला, कानामागं साबणाचा फेस. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंच्या पाठीकडे.

"त्यात काय एवढं, मावशी," तो म्हणाला, "कुणीही केलं असतं."

टाळ्या वाजल्या. मलाही वाजवाव्या लागल्या.

परतताना मागच्या सीटवरून आवाज आला, "नान्तेझा, जावयाला सांग, तो अगदी रत्न आहे म्हणावं. सासू बुडाली तरी मर्यादा सोडली नाही पोरानं." त्या आवाजात हसू होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण विचारणार कुणाकरवी?

मुकोनोच्या त्या जागेवर मुत्याबानं गाड्या धुण्याचं दुकान काढलंय. जोरात चालतं. येताजाता मला हाक मारतो, "ये की लुब्वामा, तुझी गाडी फुकट धुऊन देतो." पण जाणार कसा? सासूबाई दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसलेल्या असतात.