दोन इंच खाली

पाठीच्या डॉक्टरांचा लोकांच्या बसण्यावर फार राग होता. खुर्ची गुडघ्यापेक्षा खाली असली की मणक्याचं वाटोळं झालंच म्हणून समजा, हे ते इतक्या कडक आवाजात सांगत, की पेशंट उभ्या उभ्याच गोळ्या लिहून घेई. महिन्याभरात गुण आला नाही, तर ऑपरेशनची तारीख. तारीख देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

अशा माणसाने चौपन्नाव्या वर्षी लाल स्पोर्ट्स कार घेतली. घेतली ती घेतली, पण समोरचे दातांचे डॉक्टर एकदा सहज म्हणाले, की टायर आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत मांजर बाळंत होईल. झालं. दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली. आखूड, कडक स्प्रिंगा टाकून तिला दोन इंच खाली आणायचं आणि चारी चाकांना रुंद टायर चढवायचे, असं ठरलं. म्हाताऱ्या मेकॅनिकने एकदा गाडीकडे आणि एकदा डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं.

"साहेब, गाडी मी बसवतो खाली. तुम्हाला उठवणार कोण?"

डॉक्टरांनी त्याला मणक्यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं आणि कामाला लावलं.

गाडी दिसायला झकास झाली, यात शंका नाही. फक्त रस्त्यावरचा खडा न् खडा आता थेट डॉक्टरांच्या माकडहाडाशी बोलू लागला. रुंद टायर रस्त्यातली प्रत्येक चाकोरी पकडून गाडी भलतीकडेच ओढत, आणि डॉक्टर स्टेअरिंगशी झोंबत राहत. बायको एकदाच बसली, आणि उतरल्यावर थेट रिक्षाने घरी गेली. डॉक्टरांनी मात्र चकार शब्द काढला नाही. हौसेपुढे कंबर किस झाड की पत्ती.

तिसऱ्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका बाई सही करायला येणार होत्या. त्यांचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं, आणि मला भीती वाटते, असं सरळ सांगून त्या तीन आठवडे संमतीचा कागद कोराच घेऊन हिंडत होत्या. बाईंनी सही केली की त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलेले आणखी पाच-सहा जणही मार्गी लागणार होते. डॉक्टर त्यामुळे खुशीत होते. सगळ्यांना नीट दिसावी म्हणून त्यांनी गाडी दवाखान्याच्या पायरीला अगदी खेटून लावली, दार ढकललं, आणि ते चार बोटं उघडून पायरीला अडलं. पूर्वी हेच दार पायरीवरून अलगद उघडायचं. गाडी पुढे घ्यावी म्हणून त्यांनी क्लच दाबला, तशी कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय उचलेना, पाठ वळेना.

मग त्यांनी मोबाइल कानाला लावून महत्त्वाचं बोलत असल्याचा आव आणला. पंधरा मिनिटं आणला. शेवटी रिसेप्शनिस्टचाच फोन आला.

"सर, कुठे आहात? पेशंट खोळंबलेत."

"ट्रॅफिकमध्ये अडकलोय गं. दहा मिनिटं."

"सर, मी काचेतून हात करतेय. दिसतेय का?"

दोन मिनिटांत अख्खा दवाखाना बाहेर आला. सगळ्यांच्या कमरेला पट्टे, दोघांच्या मानेला कॉलर. गाडीभोवती कडं करून सगळे ताठ उभे राहिले. त्यांतला पैलवानी अंगाचा बस कंडक्टर हळहळला.

"एका हाताने काढलं असतं तुम्हाला. पण पुढे वाकायचं नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही. तुम्हीच लिहून दिलंय."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कॉलरवाल्यांना तेही जमलं नाही.

अखेर बाई पलीकडच्या दाराशी गेल्या, ते उघडलं आणि वर्गातल्या आवाजात सूचना देऊ लागल्या. श्वास सोडा. कुशीवर वळा. आधी गुडघा, मग हात. डॉक्टर गिअरच्या दांड्यावरून कण्हत, रांगत बाहेर आले आणि तिथेच जमिनीवर आडवे झाले. बाईंना खरोखर कळवळा आला. ते दुखणं काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"डावा पाय बधिर झालाय का?"

"हो."

"कळ पार टाचेपर्यंत जातेय?"

"हो हो."

"माझंही अगदी असंच. डॉक्टर, असं करा, सोमवारची माझी वेळ तुम्ही घ्या. मी थांबेन."

"वेड लागलंय का?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "एवढ्यातेवढ्याला मणक्याला कोणी सुरी लावू देतं का? पंधरा दिवस पडून राहिलं की होतं बरं."

डॉक्टरांना आपण काय बोललो ते कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता. बाईंनी पर्समधून संमतीचा कागद काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि सावकाश गुडघ्यांत वाकून डॉक्टरांच्या डोक्याखाली सरकवला. खाली जमीन गार होती. ते पाहून कंडक्टरनेही फाइल उघडून आपला संमतीचा कागद काढला. मग एकेक जण पुढे येऊन वाकू लागला, आणि थोड्याच वेळात डॉक्टरांच्या डोक्याखाली बऱ्यापैकी उंच उशी झाली.