डेनिसकाकांचा मतदारसंघ

"फार भला माणूस होता. माझी चांगली ओळख होती त्यांच्याशी."

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जोशीकाकूंकडे सत्यनारायण होता. प्रसादाच्या रांगेत मागून हे इंग्रजीत ऐकू आलं. काळ्या सुटातला एक उंच म्हातारा काकूंचा हात धरून सांत्वन करत होता. दारात चपलांचा ढीग, आत हार घातलेली देवाची तसबीर आणि जमिनीवर गप्प बसलेली माणसं बघून त्याने काय ते ओळखलं होतं.

"ते अजून आहेत," काकू म्हणाल्या आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

हे डेनिसकाका. आयर्लंडचे माजी खासदार. त्यांच्याआधी त्याच जागेवर वडील होते, वडिलांआधी आजोबा. तिकडचा खासदार संसदेत कमी आणि मयतींना जास्त दिसतो, असं ते अभिमानाने सांगत. शेवटच्या निवडणुकीत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्याच पक्षातून, त्यांच्याच मतदारसंघात उभा राहिला. तिकडे चालतं म्हणे; मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात. भाऊ निवडून आला, हे पडले. मग रागारागाने अमेरिकेत मुलीकडे आले आणि आमची बिल्डिंग लढवायला घेतली.

शनिवारी ते लाँड्री रूममध्ये लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसत. बारसं असो की ग्रीन कार्डाची पार्टी, काका हजर. "पहिली पसंती दुसऱ्या कुणाला असेल, तर दुसरी तरी मला द्या," असं ते तिसरीतल्या पोरांनाही सांगत.

मी दोन वर्षांत कुणाचं दार वाजवलं नव्हतं. पण हीटर बंद पडला, तेव्हा लाँड्री रूममध्ये गेले.

"घरात मतं किती?" काकांनी विचारलं.

"मी एकटीच. तीही एच-वन व्हिसावर, मतच नाही."

ते जरा खट्टू झाले. हीटर मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू झाला.

भावाला ते 'तो चोर' म्हणत. "त्याच्या मयतीला जाणार. खात्री करून घ्यायला."

मार्चमध्ये भाऊ खरंच गेला. काकांना डॉक्टरांनी विमानप्रवासाची मनाई केली होती, म्हणून मुलगी सकाळी एकटीच निघाली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर काका सूट घालून, दार सताड उघडं टाकून उंबरठ्यात उभे. त्यांच्याकडे कुणी गेलं की घरचे असे उभे राहतात आणि अख्खा गाव येऊन हात मिळवून जातो. आमचा जिना रिकामा होता.

"दुपारपासून उभा आहे," ते म्हणाले. "गायचा छान, चोर."

मी त्यांचा हात हातात घेतला. मग वर गेले आणि जोशीकाकूंचं दार वाजवलं.

"डेनिसकाकांचे भाऊ गेले," मी म्हटलं. "ते खाली दारात उभे आहेत, काकू. सगळ्यांना घेऊन चला."