चालता-बोलता फळा

एका जंगलात एक सरकारी शाळा होती. खोटं नाही सांगत बाळांनो, खरंच होती. छप्पर होतं, बाई होत्या, मुलंसुद्धा होती. फक्त फळा नव्हता. तो वाळवीने खाल्ला होता. वाळवीकडून तो वसूल कसा करायचा, यावर वरच्या कचेरीत तीन वर्षं पत्रव्यवहार चालू होता.

शाळेच्या साळूबाई साळिंदर होत्या. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ.

एके दिवशी रानम्हशीने आपली चंद्री शाळेत घातली. तिचं मागणं एवढंसं होतं. मगर आज कुठल्या काठाला आहे, याची पाटी पाणवठ्यावर रोज लागते. तिचा थोरला मुलगा ती न वाचताच पाण्यात उतरला होता.

"हिला तेवढी पाटी वाचता येऊ दे बाई, मग माझं काही म्हणणं नाही," रानम्हैस म्हणाली.

चंद्री वर्गात बसली आणि साळूबाईंची नजर तिच्या कुशीवर गेली. काळीकुळकुळीत, रुंद, ऐसपैस. बाईंनी पांढऱ्या मातीचं ढेकूळ घेतलं आणि त्या कुशीवर 'अ' काढला. तो छान उमटला.

"दोन दिवस कळ काढ गं," बाई म्हणाल्या. "फळा आला की तुलाही शिकवते."

दोन दिवसांचं वर्ष झालं. ससे वाचायला लागले. रानडुकरांची पोरंसुद्धा जोडाक्षरं लिहू लागली. चंद्री मान वळवून वळवून बघायची, पण स्वतःची कूस वाचता येते का कुणाला? जरा हलली की सगळा वर्ग ओरडायचा, "बाई, फळा हलतोय."

साळूबाईंना रात्री झोप लागेना. त्यांनी कचेरीला कडक शब्दांत लिहिलं, 'फळा द्या. एक मूल वाया जातंय.'

तिसऱ्याच दिवशी शिक्षणाधिकारी तरससाहेब जातीने हजर झाले. त्यांनी चंद्रीभोवती एक फेरी मारली आणि तिला टकटक वाजवून पाहिलं.

"हिला वाळवी लागते?"

"नाही साहेब. पण तिला शिकायचंय."

"स्वतःचं गवत स्वतः खाते," साहेबांनी वहीत टिपून घेतलं. "बाई, याला म्हणतात नवोपक्रम."

"साहेब, याला म्हणतात फळा नसणं."

तरससाहेब हसले. तरस हसतातच, त्यात विशेष काही नाही.

वाघमहाराजांना ही कल्पना फार म्हणजे फारच आवडली. त्यांची स्वतःची पिल्लं नदीपलीकडच्या शाळेत जात. तिथे प्रत्येक वर्गात चार फळे होते, त्यातले दोन नुसते शोभेला. महाराजांनी हुकूम काढला. जंगलातल्या सगळ्या शाळांचे उरलेसुरले फळे जमा करा आणि प्रत्येक शाळेला एक रानम्हैस द्या. योजनेचं नाव 'चालता-बोलता फळा'. फळ्याने चालायचं नाही आणि बोलायचं नाही, हे खाली बारीक अक्षरात होतं.

मग मोठा समारंभ झाला. साळूबाईंना शाल मिळाली, चंद्रीला हार. वाघमहाराजांनी स्वतःच्या पंजाने तिच्या कुशीवर एक ओळ लिहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत उभी असलेली चंद्रीची आई डोळे पुसत होती.

"बाई," चंद्रीने हळूच विचारलं, "माझ्या अंगावर काय लिहिलंय?"

साळूबाईंनी वाचून दाखवलं, "आता या जंगलात वाचता न येणारं एकही मूल उरलेलं नाही."

"म्हणजे मला पाणवठ्यावरची पाटी वाचता येईल?"

साळूबाईंची मान खाली गेली. त्या काही बोलणार, तेवढ्यात फोटो काढणारं माकड म्हणालं, "बाई, जरा बाजूला व्हा. फळा झाकला जातोय."

तात्पर्य : शाळेत काही कमी असेल, तर हुशारीने भागवून नेऊ नये. भागतंय असं वर कळलं, की आहे तेही काढून घेतात आणि वर सत्कार करतात. आणि बाळांनो, तुम्ही अंगाने रुंद आणि स्वभावाने गरीब असाल, तर पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा.