रेवतीचे आजोबा

रेवती जाधवच्या आजोबांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, तरी ती रोज सकाळी मोबाइलवर हवामान बघून त्यांची काळजी करायची. "आज तापमान उणे आहे. आजोबांच्या खोलीत हीटर लावला असेल का गं?" असं म्हणत ती पावाला लोणचं लावायची.

जर्मनीत एर्लांगेनला आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी पीएचडी करत होते. ती साताऱ्याची, कायद्याचं मास्टर्स इथंच करून न्युर्नबर्गच्या एका छोट्या वकिली ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागली होती. कातडीच्या रंगावरून कुणाला घर नाकारलं, कुणाला नोकरीवरून काढलं, अशी कामं तिथे यायची. आणि आजोबा.

आजोबा तिचे नव्हतेच. जर्मनांची पूर्व आफ्रिकेत वसाहत होती, तेव्हा मळ्यांवर राबायला गावातली माणसं द्यायला नकार दिला म्हणून सैनिकांनी त्यांना फाशी दिलं होतं. कवटी अभ्यासासाठी जर्मनीत आणली. ती एका विद्यापीठाच्या कपाटात होती, आणि नेमा नावाच्या त्यांच्या पणतीला, एका निवृत्त शिक्षिकेला, ती परत हवी होती.

हे माहीत नसलेल्यांची फार पंचाईत व्हायची. जवळच्या हेर्त्सोगेनआउराख गावातल्या कंपनीत काम करणारा आमचा मित्र सुहास एकदा जेवायला आला होता.

"केस कसली?"

"आजोबांना घरी जायचंय."

"मग तिकीट काढा की."

"सोडत नाहीत ना. कपाटात ठेवलंय."

सुहासने हातातला सामोसा खाली ठेवला.

धुकं असलं की रेग्नित्स नदीकाठच्या कुरणातून ती सायकल अगदी हळू चालवायची आणि आजोबांना केस समजावून सांगायची, मराठीतून. "जर्मन त्यांना आवडत नसणार," ती म्हणायची. मागून घंटा वाजायच्या, लोक वळसा घालून पुढे जायचे, आणि पांढऱ्या धुक्यात तिचा आवाज तेवढा तरंगत राहायचा. कधी कधी मलाही वाटायचं, तिच्या शेजारून कुणीतरी चालतंय.

कायदा तिच्या बाजूने नव्हता. परत द्याच, असं विद्यापीठाला सांगणारं कलम कुठे सापडत नव्हतं. संग्रह सांभाळणारे गृहस्थ फोनवर सारखे "ओब्येक्ट", म्हणजे वस्तू म्हणायचे. ती दर वेळी शांतपणे विचारायची, "कोण?" आठवडेच्या आठवडे हे चाललं. शेवटी एकदा ते स्वतःच अडखळले आणि आजोबांना "ते गृहस्थ" म्हणाले. त्या दिवशी रेवतीने शिरा केला.

मग विद्यापीठाने नात्याचा लेखी पुरावा मागितला. बैठकीत रेवती म्हणाली, "डोकं नेताना पावती द्यायला ते विसरले." तिच्या वरिष्ठ बाईंनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. पण नेमाबाईंच्या घराण्यात त्या फाशीचं एक गाणं होतं. त्यात गाव होतं, नदी होती, पुढचा तुटका दात होता. कपाटातल्या कवटीचा तोच दात तुटलेला निघाला. वसंतात विद्यापीठाने होकार दिला.

कवटी सुपूर्द करण्याच्या दिवशी रेवतीने मलाही नेलं. नेमाबाई एकट्याच आल्या होत्या. त्यांच्या पुतण्याला व्हिसा मिळाला नव्हता. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी मधोमध होती. संग्रहाचे ते गृहस्थ काळा कोट घालून भिंतीशी उभे होते. नेमाबाईंनी गाणं म्हटलं, अगदी हळू, बाळाला निजवावं तसं. खिडकीबाहेर चेस्टनटची पानं हलत होती, आणि मला वेळेचं भानच राहिलं नाही.

पेटी गाडीपर्यंत न्यायची होती. "घरची दोन माणसं लागतात," नेमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी रेवतीकडे पाहिलं. "तू दुसरी बाजू धर."

"मी तुमची वकील आहे," रेवती म्हणाली. सुनावणीत बोलतात तशा आवाजात.

"ते मला माहीत आहे. धर."

रेवतीने धरली. पायऱ्या उतरताना दोघींची पावलं आपोआप जुळली.

परतताना आम्ही दुपारची साधी ट्रेन घेतली, गावागावात थांबणारी. रेवती खिडकीशी बसली होती. मग म्हणाली, "बाबा गेले ना, तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. जाता आलं नाही."

तिचे वडील नाहीत, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात वावरत होतो.

"चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला होता. पण त्यालाही खांदा द्यायचा होता, म्हणून त्याने फोन कट्ट्यावर टेकवून ठेवला. मला नुसता शेवगा दिसत होता. सगळ्यांचा आवाज येत होता, आणि मी शेवगा बघत होते. शेंगा आल्या होत्या."

मी तिचा हात हातात घेतला. तळव्यावर पेटीच्या कडेचा वळ अजून होता. एर्लांगेन आलं, दारं उघडली, मिटली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.