दाजीबांचा हात

दाजीबांना कोणी लाडू दिला, तर ते आधी तो फोडून पाहत. आत नुसता लाडूच आहे अशी खात्री पटली की खात. लग्नाच्या पंगतीतही त्यांनी हे केलं आहे, तेही वधूपित्याच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे कारंजा गावात त्यांना जेवायला बोलावणारं घर उरलं नव्हतं.

यात निम्मा दोष धंद्याचा. इंग्रजी अमदानीतली गोष्ट. आमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते आणि मी कारकून. मानोऱ्याकडची कापसाची बैलगाडी आली की दाजीबा बाही सारून खांद्यापर्यंत हात कापसात खुपसत. वर शुभ्र माल आणि पोटात ओली, डागाळलेली कवडी, म्हणजे हलका कापूस, क्वचित चांगला पायलीएवढा धोंडा, असं त्यांनी इतक्या वेळा बाहेर काढलं होतं की "वरून पांढरं हाय, आतून पाहा" हे ते माणसांनाही लावू लागले. माझी छत्री, पोस्टमनची पिशवी, कशातही हात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या वर्षी नवा साहेब आला. तरुण, बिनलग्नाचा. डिसेंबरात त्यानं मला बोलावून सांगितलं की बड्या दिवसाला, म्हणजे नाताळला, ऑफिसातल्या सगळ्यांनी जिनातच त्याच्यासोबत फराळ करायचा आणि तयारी मी करायची. आजवर आम्ही त्या दिवशी बंगल्यावर डाली न्यायचो, म्हणजे फळांची टोपली आणि हार, आणि व्हरांड्यातूनच सलाम करून परतायचो. साहेबानं आम्हाला द्यायचं, हे उलटंच होतं.

"साहेब काहून देऊन राह्यला?" दाजीबांनी विचारलं.

मी म्हणालो, सण आहे.

"सण तं मांगच्या सायबालेबी होता."

 दोन दिवसांत त्यांनी स्वतःच छडा लावला. साहेबाला एक माणूस कमी करायचा आहे, तोंडावर सांगवत नाही, म्हणून जेवू घालून निरोप देणार. तो माणूस म्हणजे ते स्वतः. साठी उलटली होती, बायको जाऊन वीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जिन सुटलं तर सकाळी उठून जायचं कुठं, हा त्यांचा सवाल होता. मी हसण्यावारी नेलं, पण मनात चरकलो. यादी करताना साहेबानं मला दाजीबांचं वय विचारलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

साहेबाला झाड हवं होतं आणि त्यावर पेटत्या मेणबत्त्या. जिथं बिडी ओढली तर नोकरी जाते तिथं मेणबत्त्या! दाजीबांनी त्या सरळ उचलून कपाटात कोंडल्या आणि साहेबाला कारखानाच जाळायचा आहे की काय, अशी नवी शंका काढली. शेवटी कडुनिंबाची मोठी फांदी पिंपात रोवली आणि बर्फ म्हणून तिला कापूस लावला. दाजीबांनी येऊन तो चिमटीत धरून पाहिला, "कवडी लावली तुमी" म्हणाले, सगळा उतरवला आणि सगळ्यांत लांब धाग्याचा कापूस स्वतः बोंडाबोंडानं लावत बसले. ज्याच्यावर संशय त्याच्याच झाडाची एवढी उठाठेव कशाला, असं मी विचारलं.

"जाऊनच राह्यलो तं चांगला माल दाखवून जातो," ते म्हणाले.

बड्या दिवशी छोट्या रेल्वेगाडीनं केक आला. त्यात अंडं असल्याच्या भीतीनं त्याला साहेबाशिवाय कोणी शिवलं नाही. आम्हाला आचाऱ्यानं वळलेले बुंदीचे लाडू होते. दाजीबांनी आपला फोडला, पण खाल्ला नाही. साहेब हातात कागद घेऊन उभा राहिला तसे तेही उठले आणि पागोटं नीट करू लागले. साहेबानं पहिलं नाव त्यांचंच घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेबानं त्यांना लाल दोरी बांधलेलं एक पुडकं दिलं. आमच्याकडे वयानं मोठ्या माणसाला पहिला मान, एवढंच तो म्हणाला. मग सगळ्यांना तसंच एकेक मिळालं. नोकरी कोणाचीच गेली नाही. आम्ही तिथंच पुडकी फोडली, आत लोकरीचे मफलर निघाले. दाजीबा मात्र आपलं काखेत मारून निघून गेले.

पुढं थंडी कडाक्याची पडली. आम्ही मफलर गुंडाळून फिरत होतो आणि दाजीबा कानाला जुनं फडकं बांधून गाड्यांसमोर कुडकुडत होते. विकला असणार, असा मला दाट संशय आला. खात्री करायला एका रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो.

देवाशेजारच्या फळीवर पुडकं तसंच होतं. लाल दोरीची गाठही सुटली नव्हती.

"दाजीबा, आत मफलर आहे. सगळ्यांना तेच मिळालंय."

"असन," ते म्हणाले. "म्या पाह्यलं नाई."

तुम्ही, आणि पाहिलं नाही, असं मी म्हणालो. ते चुलीशी चहाचं पाहत होते. पाठमोरेच बोलले.

"बायको गेली तवापासून मले कोनं काई देल्लं नाई, भाऊ. कुलूप काढलं का हे समोर दिसते. कोनीतरी आपल्यासाठी ठेवून गेलं असं वाटते. फोडलं का मंग नुसता मफलर."

मला स्वतःची लाज वाटली. माझा हात पुडकं चाचपायला फळीपर्यंत गेला होता, तो मी मागे घेतला. संक्रांतीला आमच्याकडे जेवायला या म्हटलं. तिळाचे लाडू हवे तेवढे फोडून पाहा, घरात कोणी काही म्हणणार नाही.

त्यांनी वळून डोळे बारीक केले.

"काहून?" ते म्हणाले.

पण संक्रांतीला आले ते वेळेच्या तासभर आधी.