तात्यांचं हबसाण

पहिल्याच भेटीत या माणसाने माझ्या तोंडात घास कोंबला. हो, कोंबलाच, दुसरा शब्द नाही. मी नमस्काराला हात जोडले होते, "काय तात्या, कधी आलात?" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात एक काळपट, आंबट, लिबलिबीत गुंडाळी आत गेली आणि पाठोपाठ मिरचीचा असा जाळ उठला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोर हा उंचाडा माणूस कमरेवर हात ठेवून उभा, आणि वर मलाच दरडावतोय, "थुकायचं न्हाई, गुर्जी! गुर्शा हाय त्यो. मानाचा घास. थुकला तर तुमचं आमचं वैर!"

मी भोरचा, भिक्षुकाच्या घरचा. आई अजून सोवळ्यात स्वयंपाक करायची. तिला कळतं तर उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. घास कसाबसा गिळला, घरी येऊन दहा चुळा भरल्या आणि ठरवलं की या शेजाऱ्याचं तोंड बघायचं नाही. पण आमची भिंतीला भिंत. असलं काही ठरवून उपयोग नसतो.

तर हे खंडूतात्या. वेल्ह्याच्या अंगाला, तोरणा समोर दिसतो तिथे आमचं तीसेक उंबऱ्यांचं गाव. मी तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर. मी तिथे रुजू झालो तेव्हा तात्या गावात नव्हते. लढाई सुरू झाल्याबरोबर खेचरांच्या पलटणीत भरती होऊन बोटीने आफ्रिकेला गेले होते. तिथे हबसाणच्या, म्हणजे ॲबिसिनियाच्या, डोंगरात खेचरासकट दरडीवरून घसरले आणि पाय मोडून घेतला. पावसाने वाटा बंद, इस्पितळ लांब, म्हणून पलटणीने त्यांना एका म्हातारीच्या घरी टाकलं. चार महिने. पुढे ते मिसरात गेले, इटलीत गेले, पण त्याबद्दल एक अक्षर नाही. सहा वर्षांनी परतले ते हबसाण पाठीवर घेऊनच.

गाव त्यांना 'हबशी तात्या' म्हणायला लागलं. आणि तसं म्हणणाऱ्याच्या अंगावर तात्या धावून जायला लागले.

"हबशी काय, हबशी? आरं, अमारा म्हनत्यात त्यांला! तुज्यापरीस शानी मानसं हायती. बैलानं नांगर धरत्यात, पांडरी शाल पांगरत्यात, देवळात शिरताना पायतान भाईर काडत्यात. डोंगर बी आपल्यावानीच, माथ्यावर सपाट. फरक येवडाच की तितं पावन्याला कुनी उपाशी धाडत न्हाई!"

माझ्या एकादशीवरून तर त्यांनी मला सबंध चावडीसमोर झाडलं होतं. "गुर्जी, तुमचा कसला उपास? शाबूदाना, शेंगदाना, दही, रताळं! जेवनाच्या दिशी तरी येवडं खाता का? अमारा लोकांचा बुदवार, शुक्करवार. दुदाचा थेंब चालत न्हाई, थेंब!" लोक हसले. मी संतापलो. खरी गोष्ट अशी, की पुढच्या एकादशीला मला रताळं गोड लागलं नाही, आणि त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला.

घड्याळाची तऱ्हा ऐका. अमारा लोकांचा दिवस म्हणे सूर्य उगवल्यावर सुरू होतो. उगवून तासभर झाला की एक वाजला. आपल्या सातला त्यांचा एक. तात्यांना हे इतकं पटलेलं, की पलटणीतून आणलेलं घड्याळ त्यांनी त्या हिशेबाने लावून टाकलं. मग भोरच्या कचेरीतून बांधाच्या दाव्याचा हुकूम आला, 'अकरा वाजता हजर राहावे.' तात्या त्यांच्या अकराला पोचले, म्हणजे संध्याकाळी पाचला. कारकून कुलूप लावत होता. दावा सकाळीच एकतर्फी निकाली निघालेला, बांध शेजारच्या शेतवाल्याकडे गेलेला. माणसाने कपाळाला हात लावला असता. यांनी कारकुनाला धरून विचारलं, "सूर्य मध्यानरातीला उगवतो व्हय रं तुमच्यात? मंग मध्यानरातीला बारा का वाजवता?" हा सवाल ते गावभर अभिमानाने सांगत. बांध गेला त्याचं काय, ते सांगत नसत.

या सगळ्याचा भार पडायचा रखमावहिनींवर, म्हणजे तात्यांच्या बायकोवर. अमारा पद्धतीच्या भाकरीसाठी नाचणीचं पीठ तीन दिवस आंबवायचं, तव्यावर एकाच बाजूने भाजायचं, वर जाळी पडली पाहिजे. नाही पडली की तात्यांचा आवाज माझ्या घरात. "एमायेच्या हाताची जाळी बगाया पायजे व्हती तू!" एमाये म्हणजे ती म्हातारी. त्यांच्या भाषेत आई. उठता एमाये, बसता एमाये. वहिनी एक शब्द बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, बाई गरीब आहे. मास्तरला बायकांतलं काय कळतं?

आणि कॉफी! पुण्याच्या लष्करातला कोणी जुना सोबती त्यांना कच्च्या बिया पाठवायचा. दर रविवारी तात्या ओसरीवर हिरवं गवत पसरायचे, त्यावर आम्हाला बसवायचे. पाटील म्हणाले, "आरं खंडू, गवतावर मानसं बसवतूस, मंग गोठ्यात काय सतरंजी टाकलीस का?" त्यावर पहिलं भांडण. मग बिया खापरावर भाजायच्या आणि धूर निघणारं खापर एकेकाच्या नाकाखाली धरायचं. धूर ओढलाच पाहिजे. दोघेतिघे खोकत. मग उखळात कुटून, उकळून पहिली वाटी. त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरी. आणखी पाणी घालून तिसरी, ती म्हणजे नुसतं गढूळ पाणी, पण तिचं नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. तिच्याआधी उठायचं नाही. या सगळ्याला दोन तास. पाटलांची म्हैस व्यायला आली होती, ते दुसऱ्या वाटीला उठले, तर तात्यांनी पार वेशीपर्यंत मागे जाऊन शिव्या दिल्या. "आशीर्वाद टाकून चाललाय ह्यो! म्हशीपायी!"

हळूहळू लोक यायचे बंद झाले. मी जायचो. आवडीने नाही. भिंतीपलीकडून "गुर्जीऽऽ" अशी हाक यायची की झक मारत जावं लागायचं.

एवढ्यापर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग पाटलांच्या नातवाचं बारसं आलं.

पाटलांची सून आणि रखमावहिनी दोघींचं माहेर एकच, नसरापूरजवळचं वरवे बुद्रुक. म्हणून वरव्याची माणसं आलेली, वहिनींचे वडीलही. पाळण्यात बाळाचं नाव ठेवलं, बायकांनी 'कुर्रर्र' केलं. पुरुषांची पंगत उठली, बायकांची बसली. आणि तात्या, हात धुतलेले तात्या, सरळ बायकांच्या पंगतीत शिरले. वहिनींसमोर उकिडवे बसले, त्यांच्याच पानातला लाडू मोडला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडाशी धरला.

लग्नात भरवतात, ठीक आहे. पण चाळिशीतल्या माणसाने, सासऱ्यासमोर, बायकांच्या पंगतीत? कोणी फिदीफिदी हसलं. कोणी पदर तोंडात कोंबला. वहिनींचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल. तात्यांनी घास पुढे रेटला, "खा. खाया लागतं," म्हणाले. वहिनींनी तो घास हातानिशी उडवला, भरल्या पानावरून उठल्या आणि अंगावरच्या लुगड्यानिशी वडिलांच्या गाडीत जाऊन बसल्या. गाडी वरव्याला गेली.

महिना गेला, दुसरा गेला. वहिनी येईनात. सासऱ्याने निरोप धाडला, "पोरगी नांदायची न्हाई. येड्याच्या घरात लेक ठेवायची न्हाई आमाला."

तात्या भांडायचे थांबले. मला ते अजिबात सहन होईना. शेवटी मीच भिंतीवरून ओरडलो, "अहो, जा की आणायला! बसलात काय?"

"तुमी चला संगं," ते म्हणाले. "पत्र तुमीच लिवलं व्हतं न्हवं?"

आता ते पत्र सांगायलाच हवं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर वहिनींना दिवस राहिले, आणि तेव्हाच तात्या भरती झाले. मुलगा झाला, महादू. दीड वर्षाचा होऊन तो तापात गेला. साथ होती, घरोघर माणसं आजारी, कोण कोणाकडे बसणार? तिसऱ्या दिवशी वहिनी शाळेच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "त्यांना लिवा, म्हादू गेला. जपून ऱ्हावा." मी झोकात लिहिलं, 'ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही.' पत्र पोस्टात टाकलं, हात झटकले. मला ताप नव्हता. भिंतीला भिंत लागून असून मी त्या बाईकडे घटकाभर बसायला गेलो नाही. आणि हाच मी, घास कोंबला म्हणून दहा चुळा भरणारा!

आम्ही दोघे पहाटे निघून दुपारी वरव्याला पोचलो. सासरे ओट्यावरूनच कडाडले.

"पावनं, आल्या वाटंनं जावा! भरल्या पंगतीत माजी अब्रू घालवलीत."

"चुकलं, मामा," तात्या म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"चुकलं म्हनून भागत न्हाई!"

तेवढ्यात वहिनी दाराशी आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला.

"आबा, पंगतीचं काय घिऊन बसलाय? लाज गेली तर गेली! गुर्जी, इचारा यांना. येऊन वरीस झालं. एमायेनं ह्ये केलं, एमायेनं त्ये केलं. म्या दीड वरीस पोर वाडवलं, हातानं मातीत दिलं. एकदा तरी इचारलं का, कसा व्हता म्हनून? एकदा तरी त्याचं नाव घेतलं का ह्यांनी? कोन ती म्हातारी, तिच्या भाकरीची जाळी मला सांगत्यात!"

तात्या अंगणात मटकन खाली बसले.

"पत्र आलं तवा म्या एमायेच्या घरातच व्हतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "डाकवाल्या शिपायानं वाचलं. म्या भिताडाकडं तोंड करून पडलो. अन्न सोडलं. म्हातारीनं खुनंनं इचारलं, काय झालं? म्या हातानं दावलं, येवडं पोर. तिनं इचारलं, नाव काय? त्या शिपायानं सांगितलं. मंग तिनं समदा गाव बोलावला. तीन दीस, रखमे, तीन दीस ती मानसं घरात बसून व्हती. बाया ऊर बडवून त्याचं नाव घिऊन रडल्या. त्यांना नीट म्हनता बी येत न्हवतं. घरनं अन्न आनलं त्यांनी, आन येकेकानं माज्या तोंडात घातलं. न्हाई म्हनू दिलं न्हाई. म्हनून जगलो."



"मंग मला का न्हाई सांगितलं?" वहिनी ओरडल्या. "माज्याकडं कुत्रं फिरकलं न्हाई! म्या एकलीच रडले. आन तिकडं बाया माज्या म्हादूसाटी..."

"कसं सांगू? तुला कुनी घास दिला न्हाई ह्ये ठावं हाय मला. पाटलाच्या नातवाचं नाव ठेवलं त्या दिशी मला ऱ्हावलं न्हाई. येवडंच येतंय मला." तात्यांनी हातांची ओंजळ केली आणि तिच्याकडे बघत बसले. "त्या लोकांनी नाव घेतलं, पर माज्या तोंडातनं निगालं न्हाई. म्या त्याला बगितलं न्हाई, रखमे. कदी हाक मारली न्हाई. जित्या पोराला मारली न्हाई, मंग आता कोन्त्या तोंडानं मारू?"

वहिनी पायऱ्या उतरून आल्या, त्यांच्यासमोर बसल्या.

"मारा," त्या म्हणाल्या. "माज्यासमोर मारा."

तात्यांचा जबडा दोनदा हलला. कारकुनाला, पाटलाला, सगळ्या गावाला सळो की पळो करणारा तो गळा, पण त्यातून नुसती हवा आली. मग त्यांनी हाक मारली. "म्हादूऽऽ!" शेतातल्या पोराला जेवायला बोलवावं तशी, चढ्या आवाजात. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला वहिनींनी हंबरडा फोडला.

शेजारच्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या. सासऱ्यांनी त्यांना हाताने खूण केली, बसा. त्या बसल्या. आणखी आल्या, त्याही बसल्या. वहिनी रडत रडत सांगत होत्या, कसा चालायचा, कसा कोंबडीमागे पळायचा, दुधाच्या वाटीत हात बुडवायचा, आणि तात्या पुन्हा पुन्हा विचारत होते, "मंग? मंग काय करायचा?"

मीही बसलो. त्या संध्याकाळी परत निघायला हवं होतं, निघालो नाही. शाळा तीन दिवस बंद राहिली. चौथ्या दिवशी आम्ही तिघे डोंगर चढून घरी आलो. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'शेजारी मूल वारल्यामुळे.' कधी वारलं, ते भोरच्या कचेरीत कोणी विचारलं नाही.