गुलाबरावांचं नाक

जकात नाक्यावर ट्रक थांबला की आमचे शेजारी गुलाबराव त्याच्या मागे उकिडवे बसत, सायलेन्सरपाशी नाक नेत आणि डोळे मिटून धूर हुंगत. मग उठून ड्रायव्हरला निकाल ऐकवत, “नोझल गेलं तुह्यं.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बदलीवर वाशीमला आलो होतो. गुलाबराव कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले चौकीदार. बायको वारल्यापासून एकटेच राहत. आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलेलं नाही, पण गावातले सगळे मिस्त्री त्यांच्या लेखी गाढव. “धुराचा रंग तं कोनीबी पायते,” ते म्हणत, “हे डोयाचं काम नोहे, नाकाचं हाये.” ड्रायव्हर तंबाखू मळत ऐकून घेत आणि तोच धूर सोडत पुसदकडे निघून जात. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचा.

एकदा आमच्या कचेरीची जीप काळा धूर ओकू लागली. धुराला कच्च्या पेट्रोलचा असा भपकारा, की रस्त्यापलीकडे माझं डोकं दुखू लागलं. गुलाबरावांनी हुंगलं आणि आमच्या साहेबांना सांगितलं, “ऑईल जयून राह्यलं, साहेब. इंजन खोला लागते.”

साहेबांची अक्कलही तेवढीच. त्यांनी इंजिन खोलायला लावलं. जीप गॅरेजात, आणि साहेब आणि मी मानोऱ्याच्या दौऱ्यावर बसमध्ये उभ्याने, माझ्या पायावर कोणाची तरी बकरी. इंजिनात काहीच निघालं नाही. शेवटी मिस्त्रीने एअर फिल्टर उघडला, तर तो धुळीने आणि कापसाच्या तुसाने गच्च भरलेला. झटकला, धूर गेला. गुलाबरावांना शरम नाही. म्हणाले, मिस्त्रीचं नशीब जोरावर होतं.

रविवारी दुपारी मी त्यांना चार शब्द सुनावायला गेलो. गल्लीतच करपल्याचा वास येत होता. आत स्टोव्हवर पातेलं धुमसत होतं आणि गुलाबराव त्याच्याकडे पाठ करून शांतपणे कांदा चिरत होते.

“बसा. वरन होऊन राह्यलं,” ते म्हणाले.

“अहो, जळलंय ते.”

त्यांनी वळून झाकण काढलं, आत पाहिलं आणि स्टोव्ह बंद केला. मग खालच्या आवाजात सांगितलं, की मोठा ताप आला होता, तेव्हापासून नाकाला काहीच कळत नाही. बायको होती तोवर भांड्याकडे ती लक्ष द्यायची.

“मग नाक्यावर ते सोंग कशाला?”

“वास घेतो म्हनून डायवर खाली उतरते. दोन गोष्टी बोलते. निस्ता हुबा राह्यलो तं कोन उतरन माह्यासाठी?”

मी चपला घातल्या आणि निघालो, तर त्यांनी थांबवलं. खाटेखालची पेटी ओढली आणि घडी घातलेलं हिरवं लुगडं काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“तुमचं नाक चांगलं हाये,” ते म्हणाले. “तिचा वास हाये का याले अजून?”

मी लुगडं नाकाशी नेलं. डांबरगोळ्यांखेरीज कशाचाच वास नव्हता.

“आहे,” मी म्हणालो.

“शिकेकाईचा?”

“हो. शिकेकाईचाच.”

त्यांनी मान हलवली आणि लुगड्याची घडी मोडू न देता ते पेटीत ठेवलं.